काकांनी लावलेलं बांडगूळ

माझ्या आईला आयुष्यात दोन गोष्टी कधी सहन झाल्या नाहीत. एक पातळ आमटी आणि दुसरं झाडावरचं बांडगूळ. आमटीवर ती नुसती बोलते. बांडगुळावर मात्र थेट हत्यार उचलते.

रत्नागिरीजवळ आमची हापूसची कलमं आहेत. बाबा शाळामास्तर. त्यांना आंबा खाण्यापुरता कळायचा, त्यामुळे बाग आईने सांभाळली आणि अजूनही सांभाळते. पाऊस संपला की मोहोर यायच्या आधी ती मान वर करून सगळ्या बागेतून फिरायची. बांडगूळ म्हणजे झाडावर उगवणारं झाड. त्याचा जमिनीशी काडीचा संबंध नाही. पाखरू त्याचं फळ खातं, चिकट बी फांदीला पुसून टाकतं, आणि ते बी तिथंच रुजून सालीतून मूळ आत घालतं. पुढे कलमाने ओढलेलं पाणी हे आयतं पितं आणि हिरवंगार राहतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती फांदी आंब्याचीच वाटते. आईला मात्र रस्त्यावरून, चालत्या एसटीतून कळायचं की अमक्याच्या बागेत बांडगूळ माजलंय. तसं ती एसटीत मोठ्याने म्हणायचीसुद्धा. तो अमका बहुतेक वेळा त्याच एसटीत बसलेला असायचा.

"वरवर कापलंस तर हसतं ते," ती गड्यांना सांगायची. "फांदी हातभर खालून उडव." मग त्या कापलेल्या जागेवर शेणमातीचा लेप आणि बांडगुळाचा पाला शेळ्यांना. शेळ्या ते आवडीने खातात. हे सगळं मी लहानपणापासून इतक्यांदा पाहिलं होतं की त्यात सांगण्यासारखं काही असेल असं मला कधी वाटलं नाही.

आता मी आयर्लंडमध्ये, ट्रलीला, हॉस्पिटलात भूल देते. नवरा आठवडाभर डब्लिनच्या पार टोकाला, सिटीवेस्टला, कॉम्प्युटरसमोर असतो आणि शुक्रवारी घरी येतो. लोक आमच्यासाठी हळहळतात. त्यांनी हळहळू नये. मला माझं घर माझ्या पद्धतीने लागतं, चहा माझ्या पद्धतीचा लागतो, आणि पाच दिवस तो तसा मिळतो. आई आली की मात्र मिळत नाही. ती पहिल्या दिवशीच चहाची पावडर एका प्रेसमधून दुसऱ्या प्रेसमध्ये हलवते (कपाटाला इथे प्रेस म्हणतात आणि मीही आता तेच म्हणते), आणि ती परत जाईपर्यंत मी माझ्याच घरात पाहुणीसारखी चहा शोधत राहते.

आमच्या भिंतीला भिंत लागून एक म्हातारं जोडपं राहतं. इथे ऐंशीच्या बाईलाही लोक पहिल्या नावाने हाक मारतात. समोर मीही मारते, पण जीभ अजून जराशी अडखळते. घरात आमच्यासाठी त्या काकू आणि त्यांचे यजमान काका. काकूंचा आवाज खणखणीत, केस कापसासारखे पांढरे, आणि पावसात छत्री घेणं त्यांना कमीपणाचं वाटतं. आम्ही इथे राहायला आलो त्या पहिल्या संध्याकाळी त्यांनी कुंपणाच्या फटीतून गरम पाव आणून दिला होता. ते कुंपण म्हणजे नावापुरती झुडपांची ओळ. एका जागी ते कायमचं वाकलंय, आणि आमचं सगळं येणं-जाणं तिथूनच.

काकांचा विसराळूपणा वाढत गेला आणि गेल्या वसंतात त्यांना नर्सिंग होममध्ये ठेवावं लागलं. मुलंबाळं नाहीत. काकू रोज दुपारचं जेवण आटोपून बसने त्यांच्याकडे जातात आणि अंधार पडता पडता परत येतात. डिसेंबरच्या सुरुवातीला एकदा त्या कुंपणाशी उभ्या होत्या. त्यांनी विचारलं की नाताळच्या दिवशी मला सुट्टी आहे का, आणि असली तर काकांना जेवायला घरी आणायला मी गाडी काढीन का. मी लगेच हो म्हटलं.

"तुला एक दाखवते," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी परसातल्या सफरचंदाच्या झाडाकडे बोट केलं.

पानं गळून झाड उघडं झालं होतं आणि त्यावर दोन हिरवे गोळे स्पष्ट दिसत होते. एक खालच्या फांदीवर, मोत्यासारख्या पांढऱ्या फळांनी लगडलेला. दुसरा पार शेंड्याकडे, त्याला फळ एकही नाही. काकू त्याला मिसलटो म्हणत होत्या. मी मास्तरांची असले तरी आईच्या हाताखाली वाढलेली मुलगी. मला ते बांडगूळ आहे हे कळायला क्षणही लागला नाही. पान वेगळं, फळ वेगळं, पण बसणं तेच. कोणाच्या तरी खांद्यावर.

काकूंनी सांगितलेली हकिगत अशी. काका तरुणपणी इंग्लंडात सफरचंदाच्या बागांमध्ये मजुरीला होते. तिकडे हे भरपूर. आयर्लंडमध्ये जवळजवळ नाहीच. परत येताना त्यांनी ती पांढरी फळं रुमालात बांधून आणली आणि लग्न झाल्यावर या झाडाच्या फांद्यांवर चोळली. काही झालं नाही. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा कुठूनशी मिळवली, पुन्हा चोळली. असं कित्येक वर्षं चाललं. शेजारीपाजारी हसायचे. मग एका वर्षी बी रुजलं. तेव्हापासून दर नाताळच्या आदल्या दिवशी काका एक डहाळी तोडून स्वयंपाकघराच्या दारावर टांगत. तिच्याखाली जी बाई उभी राहील तिचा मुका घ्यायचा, अशी इकडची रीत. आणि एका मुक्याला एक फळ खुडायचं. फळं संपली की मुके संपले. काका रीतसर मुका घेत, रीतसर फळ खुडत, आणि तसेच बाहेर जाऊन ते फळ झाडाच्या वरच्या कोवळ्या फांदीवर चोळून येत. "त्याच्यासाठी शिडी नेहमी झाडाला लागूनच ठेवलेली असते," काकू म्हणाल्या. शिडी होती खरी, लाकडी, शेवाळलेली.

"गेल्या नाताळात त्याला वार सांगता येत नव्हता," काकू म्हणाल्या. "पण या दाराखाली येऊन उभा राहिला आणि माझी वाट बघत थांबला. मी हात पुसून येईपर्यंत हलला नाही."

यंदा ते त्यांना ओळखत नव्हते. काका आयुष्यभर त्यांना 'मिसस' अशी हाक मारत आले, आपल्याकडे 'अगं ऐकलंस का' म्हणतात तशी. आता ते त्यांना नर्स म्हणत. नर्सिंग होमवाल्यांनी प्लास्टिकची एक डहाळी टांगली होती. काकांनी ती ओढून काढली आणि तिथल्या मुलीच्या हातात परत दिली.

"त्याला त्याचीच लागते," काकू म्हणाल्या. "तिच्याखाली उभा राहिला की ओळखेल मला. तेवढ्यासाठीच आणतेय त्याला."

मी डॉक्टर आहे. असल्या आशेबद्दल माणसाला हळुवारपणे काय सांगायचं असतं ते मला शिकवलेलं आहे. मी त्यातलं काहीही सांगितलं नाही. मला काकू आवडतात, आणि त्या दिवशी मला त्यांचं म्हणणं खरं व्हायला हवं होतं.

पुढच्या आठवड्यात आई आली. काकू दुसऱ्याच दिवशी तिच्यासाठी मिन्स पाय, म्हणजे नाताळच्या सुक्या मेव्याच्या गोड पुऱ्या, घेऊन आल्या. आईने एक फोडून आत काय आहे ते पाहिलं, वास घेतला, लवंग ओळखली आणि मान डोलावली. तिच्या लेखी ही मोठी दाद. इंग्रजी तिला येत नाही आणि काकूंना मराठी येत नाही, पण दोघी तासभर बोलल्या. रिकामी बशी परत करायची नाही म्हणून आईने नारळाच्या वड्या घालून ती पाठवली. तरी तिचं समाधान होईना. "एवढी दमलेली बाई, नवरा तसा, आणि आपल्यासाठी ओव्हनपाशी उभी राहते," असं ती दोनतीनदा म्हणाली. माझ्या लक्षात यायला हवं होतं की आता ही काहीतरी करणार. पण आई चांगलं काम सांगून करत नाही. तिला ते झाल्यावर दाखवायला आवडतं.

दोन दिवसांनी मी चार वाजता घरी आले तर आई स्वयंपाकघरात, हात कोपरापर्यंत पिवळे, चेहऱ्यावर परीक्षेत पहिली आल्याचं समाधान.

"जा, मागे जाऊन बघून ये," ती म्हणाली. "तुझ्या काकूचं झाड मोकळं केलंय मी."

मी बुटांसकट मागे धावले. उजेड जेमतेम उरला होता. खालची फांदी गेली होती. हातभर खालून, अगदी सरळ, गडी लोकांनी बघत राहावं अशी कापलेली. कापलेल्या जागेवर मातीत कालवलेल्या हळदीचा जाडसर लेप. शेण मिळालं नसणार. माझ्या गॅरेजातली करवत कुंपणाला टेकून ठेवलेली होती, आणि आमच्या स्वयंपाकघरातलं स्टूल चिखलात. आई माझ्या मागोमाग आली होती.

"आई! कुठाय ते?"

"काय कुठाय?"

"बांडगूळ! कापलेलं बांडगूळ!"

"त्या मेंढरांना घातलं," आई म्हणाली. आमच्या मागच्या शेतात कोणाच्या तरी मेंढ्या चरतात. "शेळ्या नाहीत इथे, मग काय करू? पण खाल्लं हो, चवीने खाल्लं. मेली उपाशी ठेवतात की काय त्यांना."

मी शेताच्या कुंपणावरून वाकून पाहिलं. चिखलात चघळलेल्या दोन काड्या होत्या आणि एक मेंढी माझ्याकडे पाहत शांतपणे तोंड हलवत होती. मी आईवर ओरडले. चांगलीच ओरडले. लोकांच्या परसात विचारल्याशिवाय शिरायचं नसतं, हे तुझं कलम नाही, हा देश तुझा नाही, जे जे तोंडात आलं ते सगळं. आई ऐकून घेणारी नव्हेच.

"मला शिकवू नकोस," ती म्हणाली. "झाडावर बांडगूळ ठेवतं का कोणी? त्या बिचारीला कोण सांगणार? वरचं तेवढं राहिलंय, हात पोचला नाही. उद्या तू शिडी धर, तेही काढत्ये."

तेव्हा घरात आणून मी तिला सगळं सांगितलं. इंग्लंड, रुमाल, वर्षानुवर्षं चोळलेली फळं, दार, नर्स. आई हातावरची हळद खरवडत ऐकत होती. मुक्याशी आल्यावर तिने मला थांबवलं.

"दारात?"

"दारात."

"सगळ्यांदेखत?"

"आई, तो मुद्दा नाहीये."

"नाही, विचारलं," ती म्हणाली, आणि पुन्हा हळद खरवडू लागली. बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांनी तिला नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही, दाराखाली उभं राहणं तर दूरच. पण शेवटच्या दुखण्यात ते तिच्या हाताशिवाय कोणाच्या हातचं पाणी घेत नव्हते, हे मला माहीत होतं आणि तिलाही. शेवटी ती उठली, हात साबणाने धुतले आणि शाल घेतली.

"ती घरी आली असेल आता. चल."

"मी सांगते तिला, तू थांब."

"मी कापलंय, मी सांगत्ये. तू फक्त इंग्रजीत कर."

काकूंच्या स्वयंपाकघरात आई उभ्यानेच बोलली. तिने माफी मागितली नाही. तिने जे केलं ते का केलं ते सांगितलं: आमच्याकडे हे झाडाचं रक्त पितं, आम्ही हे काढतो, तुझं झाड वाचवावं म्हणून काढलं, ते तुझ्या नवऱ्याने लावलंय हे मला ठाऊक नव्हतं. मी वाक्यामागून वाक्य इंग्रजीत करत होते. मेंढरांशी आल्यावर मी गाळणार होते, पण आईने डोळे वटारले म्हणून तेही सांगितलं.

"अगं, ग्रँड आहे, ग्रँड आहे," काकू म्हणाल्या. इथे माणसाचा पाय मोडला तरी तो ग्रँड असतो. मग त्या खुर्चीत बसल्या आणि टेबलावरचं फडकं घडी करून पुन्हा उलगडून पुन्हा घडी करू लागल्या. "वरचं आहे अजून," त्या म्हणाल्या. "त्याला फळ येत नाही, ते नर आहे. पण आहे." आणि थोड्या वेळाने, "फळाशिवाय तो काय करेल कोण जाणे."

घरी येताना आई कुंपणाच्या फटीत थांबली. मला वाटलं तिला दम लागला. ती रडत होती. मला तिची दया आली आणि रागही होताच. आईचं रडणं मला आवडत नाही, कारण मग भांडता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गावात जाऊन फुलांच्या दुकानात चौकशी केली. होती, खरी डहाळी होती, फळांसकट, बाहेरून आलेली, सेलोफेनमध्ये गुंडाळलेली. मी हातात घेऊन पाहिली. पानं सुरकुतलेली, फळं पिवळी पडलेली. मी ती परत ठेवली. 'त्याला त्याचीच लागते' हे काकूंचं वाक्य मला दुकानातही ऐकू येत होतं. घरी आले तर आई खिडकीशी, उजेडात, आपली लोकरीची शाल मांडीवर पसरून बसलेली. चष्मा नाकाच्या टोकावर.

"इकडे ये," ती म्हणाली. "आणि ओरडू नकोस."

शालीच्या लोकरीत पांढरी फळं चिकटली होती. फांदी उचलून नेताना ती तिने पोटाशी धरली असणार. काही चिरडलेली, पण चार-पाच अख्खी. मी एक सोडवायला गेले तर चिरडलेल्या फळाचा चीक बोटाला लागला आणि तार निघाली. बोटावरून काढून अंगठ्याला, अंगठ्यावरून पुन्हा बोटाला. सुटेचना.

"आपल्याकडच्याचं असंच असतं," आई म्हणाली. "म्हणूनच तर फांदीला बसतं. आता असं करायचं. वरच्याची डहाळी तू काढ. फळं मी बसवत्ये."

"आई, हे खोटं झालं."

"खोटं कसं? डहाळी त्याची, फळं त्याची. मी फक्त जागेवर नेऊन ठेवत्ये."

 कापणं असो की जोडणं, आईला विचार करायला फार वेळ लागत नाही. तिचा हा स्वभाव माझ्यात आलाय आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. भूल देताना तो उपयोगी पडतो.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी मी काकांची शिडी लावून वर चढले. शिडी कुरकुरत होती, आई खाली तिचे दोन्ही पाय धरून मला सूचना देत होती, आणि काकू ओट्यावरून "जपून गं" म्हणत होत्या. मी एक डहाळी कापली. जेवढी हवी तेवढीच. मग पाऊस आला म्हणून शिडी उचलून आमच्याच भिंतीला लावली आणि आम्ही आत पळालो. काकूंच्या टेबलावर आईने चिरडलेल्या फळांचा चीक दात कोरायच्या काडीसारख्या एका बारीक काटकीने पानांच्या बेचक्यात लावला आणि अख्खी फळं एकेक करून बसवली. काकू वाकून बघत होत्या. काम झाल्यावर दोघींनी डोकी लांब नेऊन ती डहाळी पाहिली, नववधूचं कुंकू नीट लागलंय का ते बघावं तशी. काकू पहिल्यांदा हसल्या.

नाताळच्या सकाळी नवरा काकूंच्या वाटचे बटाटे आमच्या ओव्हनमध्ये भाजत होता. आई पैठणी नेसली होती. हे कोणासाठी ते मी विचारलं नाही. काकू आणि मी काकांना आणायला गेलो. ते तयार होऊन बसले होते, टाय लावून, पॉलिश केलेले बूट घालून. गाडीत काकूंनी त्यांचा हात धरला होता आणि ते नम्रपणे धरू देत होते. "यू आर व्हेरी गुड, नर्स," ते म्हणाले.

काकूंच्या घरात मागच्या दाराने आलो. स्वयंपाकघराच्या दारावर डहाळी. काकू पुढे गेल्या आणि बरोबर तिच्याखाली उभ्या राहिल्या. त्यांनी केस नीट केले, कोट काढला नव्हता तो काढून हातावर घेतला, आणि थांबल्या. मी काकांच्या मागे. पलीकडे आई, पदर घट्ट धरून. 

काकांनी वर पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग ते पुढे झाले, काकूंच्या अगदी समोर आले आणि म्हणाले, "एक्स्क्यूज मी, नर्स." त्यांना आत जायचं होतं.

काकू बाजूला झाल्या. त्यांचा चेहरा मी पाहिला आणि मला तो आयुष्यभर पुरेल. मला त्या क्षणी आईचा राग आला, स्वतःचा आला, ज्यांनी ही रीत काढली त्या सगळ्यांचा आला. एवढी आशा माणसाने एका पालवीच्या तुकड्यावर टांगू नये आणि टांगलीच तर ती तुटू नये.

दारातून जाताना काकांचा हात सवयीने वर गेला. त्यांनी एका फळाला हात लावला. खरं फळ देठाला घट्ट असतं, खुडावं लागतं. हे आईने बसवलेलं. ते लगेच सुटून त्यांच्या बोटांत आलं. काका थांबले. त्यांनी फळ डोळ्यांजवळ नेलं, अंगठा आणि बोटामध्ये दाबलं, उघडलं. चिकाची तार निघाली. पुन्हा दाबलं, पुन्हा उघडलं. त्यांच्या खांद्यांत काहीतरी बदललं; ते मला पाठीमागून दिसलं. आणि ते वळले, माझ्या शेजारून मागच्या दाराने बाहेर पडले. पॉलिश केलेल्या बुटांनी, ओल्या गवतातून, बारीक पावसात.

आम्ही सगळ्या मागे गेलो. ते सफरचंदाखाली उभे होते. कापलेल्या फांदीच्या पिवळ्या तोंडावर त्यांनी तळहात ठेवला. हळद हाताला लागली, ती त्यांनी वास घेऊन पाहिली. आई पुढे झाली. "मी कापलं," ती मराठीत म्हणाली, स्पष्ट, छातीवर हात ठेवून. काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग त्या सरळ कापाकडे, आणि मान हलवली. एका माळ्याने दुसऱ्या माळ्याच्या कामाला हलवावी तशी. मग वर पाहिलं, शेंड्याकडच्या कोवळ्या फांद्यांकडे. हातातलं फळ त्यांनी उजव्या मुठीत जपून धरलं होतं. डाव्या हाताने ते खोडाच्या बाजूला चाचपू लागले. जिथे शिडी असायची तिथे. तिथे शिडी नव्हती.

त्यांच्या कपाळाला आठी पडली. ते चिडले. इतक्या महिन्यांत मी त्यांना चिडलेलं पाहिलंच नव्हतं, नुसतं नम्र पाहिलं होतं. ते वळले आणि आम्हा तिघींमधून नेमकं काकूंकडे पाहून म्हणाले,

"मिसस, माझी शिडी कुठे ठेवलीस?"

 काकू दोन्ही हात तोंडावर ठेवून उभ्या राहिल्या. माझी अवस्था काही वेगळी नव्हती. शिडी आमच्या भिंतीला होती, दहा पावलांवर, आणि मला पाय उचलता येईना.

"काय म्हणतायत?" आईने मला विचारलं.

"शिडी मागतायत," मी म्हटलं. "तिच्याकडे मागतायत. आपल्या बायकोकडे."

आईने पदर खोचला.

"मग आण की," ती म्हणाली. "उभी काय राहिल्येस? मी धरत्ये."